नारिंगी टी-शर्टची मॅच

टेनिसमध्ये आजवर किती मॅच हरले याचा हिशोब मी ठेवलेला नाही. पण हरलेली एक मॅच अशी आहे की तिची तारीख, वेळ, स्कोअर, टी-शर्टचा रंग आणि जोडीदाराचं वय मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. कारण हे सगळं मला पुढे कित्येक महिने लेखी सांगावं लागलं.

१३ जानेवारी २०१९, रविवार, सकाळी नऊ. एकच सेट, ४–६. रंग नारिंगी. काकांचं वय ५८.

जरा मागून सांगते. २०१८च्या मे महिन्याच्या शेवटी माझा बारावीचा निकाल लागला. पुण्यात टेनिस खेळणाऱ्या मुलांना बारावीनंतर प्रश्न एकच असतो, आता काय? व्यावसायिक टेनिसच्या अगदी खालच्या पायरीवर, म्हणजे १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत हरलात तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, आणि तेवढ्यात हॉटेलसुद्धा निघत नाही. त्यामुळे दुसरा रस्ता अमेरिकेचा. तिथली कॉलेजं खेळाडूंना स्कॉलरशिप देतात, आणि मुलींच्या टेनिस टीमला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटात, तेव्हा ८ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं कॉलेजची एकेरी जिंकली. आमच्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ही दोन नावं या धंद्यातल्या प्रत्येक कन्सल्टंटच्या तोंडावर असतात, आमच्याही सरांच्या होती.

सर म्हणाले, "आत्ता गेलीस तर अर्धी स्कॉलरशिप मिळेल. एक वर्ष थांब, रँकिंग वाढव, पूर्ण मिळेल. गॅप इयर सगळेच घेतात." आम्ही त्यांना फी दिली होती आणि ते आत्मविश्वासाने बोलत होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या घरात प्रश्न विचारत नाहीत. गॅप घेतला.

सप्टेंबरपर्यंत बरं चाललं. ऑक्टोबरमध्ये उजवं मनगट गेलं. डॉक्टरांनी तीन महिने स्पर्धा बंद म्हणून सांगितलं, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी एकही स्पर्धा खेळले नाही. क्लबवर जायचे, मार्करबरोबर, म्हणजे क्लबने सरावासाठी ठेवलेल्या माणसाबरोबर, डाव्या हाताने थोडं नॉकिंग करायचे आणि परत यायचे. हे लक्षात ठेवा, पुढे महत्त्वाचं आहे.

जानेवारीत आमच्या क्लबची लीग असते. पुण्यातल्या कुठल्याही क्लबची सांगा, चित्र तेच. सहा टीम, हॉलमध्ये खोट्या पॉइंटांवर खेळाडूंचा लिलाव, लिलावानंतर जेवण. प्रत्येक टीमच्या नावात वॉरियर्स नाहीतर किंग्ज. टी-शर्टच्या पाठीवर एखाद्या बिल्डरचं नाव, कारण टी-शर्टचे पैसे त्याने दिलेले असतात आणि तोही क्लबचाच मेंबर असतो. मी त्या वर्षी लिलावात नव्हते. पण बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांच्यासमोर मी सहा वर्षांची असल्यापासून खेळत आले, त्यांच्या मिक्स्ड डबल्सच्या जोडीदारीण काकूंचा गुडघा आदल्या दिवशी सुजला. सकाळी आठला काकांचा फोन. "येतेस का गं? तुला धावावं लागणार नाही, मी आहे." मनगट नुकतं सुटलं होतं. गेले. काका जाळीजवळ उभे राहून "युवर्स!" म्हणत राहिले आणि मी धावत राहिले. ४–६ हरलो. नंतर तिळगूळ, वडापाव आणि चहा. घरी येऊन मी झोपले.

मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिडवेस्ट भागातल्या एका कॉलेजच्या कोचने व्हिडिओ पाहून होकार दिला. पूर्ण स्कॉलरशिप. घरात पेढे वाटले. मग सुरू झाला पात्रतेचा कागद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन कॉलेजचा खेळ चालवणारी मोठी संघटना म्हणजे एनसीएए. १९०६मध्ये सुरू झालेली, मुख्यालय इंडियानापोलिसला. तुम्ही डिव्हिजन वनला खेळणार असाल तर तुमच्याबद्दल दोन गोष्टी ठरवल्या जातात. एक, शाळेतले मार्क पुरेसे आहेत का. दोन, तुम्ही 'अमॅच्युअर' आहात का. मराठीत आपण याला हौशी म्हणतो आणि हौशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राज्य नाट्यस्पर्धा येते, नेपथ्याच्या पाट्या उचलणारे बँकेतले कारकून येतात. तिथे हौशी कोण, यावर फारसं कुणी भांडत नाही. अमेरिकेत त्या एका शब्दावर शंभर वर्षं भांडणं चालली आहेत आणि त्यावर पोट भरणारे वकील आहेत.

नाव नोंदवलं की ऑनलाइन प्रश्नावली येते. कुठे कुठे खेळलात, कुणाकडून, किती पैसे मिळाले, खर्च किती, एजंट होता का, फुकट रॅकेट मिळाली का. बाबा अकाउंट्सवाले. त्यांनी ठरवलं की धोका पैशांत आहे. हौशी म्हणजे पैसे न घेणारा, एवढं तर कुणालाही कळतं. मग त्यांनी फाइल केली. काय फाइल होती ती! औरंगाबादला गेलो तेव्हाची एसटीची तिकिटं, डॉर्मिटरीची बिलं, गटिंगच्या, म्हणजे रॅकेटच्या तारा बदलून घेतल्याच्या, पावत्या. गटिंग करणारा दादा पावती देत नसे, त्याच्याकडून बाबांनी दोन वर्षांच्या पावत्या मागाहून एका वहीच्या पानावर लिहून घेतल्या. माझी त्या वर्षीची सगळी बक्षिसं कर कापून जेमतेम ४१ हजार ५०० रुपये, आणि खर्च त्याच्या पाचपट. एका रात्री दीड वाजता बाबा मला उठवून विचारत होते, "सोलापूरला तुला जी छत्री मिळाली ती बक्षिसात धरायची का?"

नंतर कळलं, ती फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही. टेनिससाठी नियम असा होता की कॉलेजात जाण्याआधी वर्षाला १० हजार डॉलरपर्यंतची बक्षिसं चालतात. आम्ही त्या आकड्याच्या आसपाससुद्धा नव्हतो. छत्री धरूनही.

प्रश्नावलीत एक रकाना होता: ज्या ज्या क्लब, टीम, लीगमधून खेळलात त्या सगळ्यांची नावं द्या. मला वाटलं जितकं भरगच्च दिसेल तितकं चांगलं. बायोडेटा भरताना आपण शाळेतलं वक्तृत्व स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीसही टाकतो, तसं. मी क्लबची लीग टाकली. तारीख टाकली. पुढे 'मिक्स्ड डबल्स' असंही लिहिलं.

जूनच्या शेवटी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसमधून मेल आला. प्रत्येक कॉलेजात हे ऑफिस असतं, नियम पाळले जातात की नाही हे बघणं एवढंच त्यांचं काम. तिथली बाई अगदी गोड बोलायची. तिने विचारलं होतं, "जानेवारीतल्या त्या लीगबद्दल जरा जास्त सांगशील का?" आणि खाली प्रश्नांची यादी. वेळापत्रक आधी ठरलं होतं का? अधिकृत स्कोअर ठेवला का? गुणतक्ता होता का? पंच होते का? तिकीट होतं का? टीम आधीच ठरल्या होत्या का? गणवेश होता का? प्रायोजक होता का? कुणी संस्थेने भरवली होती का?

तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं की टेनिसमध्ये एक घड्याळ चालू असतं. बारावी झाली की सहा महिने. त्या सहा महिन्यांत, किंवा ते संपल्यावर येणाऱ्या पहिल्या सत्रात, कॉलेजात गेलं पाहिजे. नाही गेलात आणि त्यानंतर एखादी 'संघटित स्पर्धा' खेळलात, तर कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या तुमच्या चार सीझनमधला एक कापला जातो, शिवाय कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष न खेळता बसावं लागतं. आणि संघटित कशाला म्हणायचं? वरच्या नऊ प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर 'हो' आलं, तरी.

आमच्या लीगचं उत्तर तिकीट आणि पंच सोडून सगळीकडे 'हो' होतं. वेळापत्रक व्हॉट्सॲपवर होतं, गुणतक्ता चहाच्या टपरीमागच्या पांढऱ्या फळ्यावर होता. टी-शर्ट नारिंगी होता.

इथे एक कबुली. हा नियम मूर्खपणाचा आहे असं मला तेव्हा वाटलं, आज वाटत नाही. तो कुणासाठी केला होता हे मला तिथे गेल्यावर दिसलं. युरोपात तीन-चार वर्षं व्यावसायिक स्पर्धा खेळून दमलेला २२-२३ वर्षांचा खेळाडू पहिल्या वर्षाला येऊन उभा राहिला, तर समोरच्या १८ वर्षांच्या पोराचं काय होईल, हा प्रश्न खरा आहे. नियम त्या खेळाडूसाठी होता. जाळं मोठ्या माशासाठी टाकलं आणि त्यात मी आणि काका सापडलो.

तर आता क्लबकडून पत्र हवं होतं. बाबा मानद सेक्रेटरींकडे गेले. अमेरिकेहून आपल्या लीगबद्दल विचारणा झाली, हे ऐकून सेक्रेटरींची छाती फुगली. त्यांनी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं. मी ते अजून जपून ठेवलं आहे. त्यात लीग 'हायली प्रोफेशनल' असल्याचं दोनदा म्हटलं आहे. 'लीडिंग कॉर्पोरेट स्पॉन्सर्स' आहेत. 'स्ट्रिक्ट ऑक्शन सिस्टिम' आहे. आणि शेवटी, माझं भलं व्हावं म्हणून, मी त्या लीगची 'स्टार प्लेअर' असल्याचं प्रमाणपत्र आहे. बाबांनी ते अभिमानाने स्कॅन करून पाठवूनही दिलं. मला दाखवलं नंतर.

मी ते वाचलं तेव्हा ऑगस्टची पाच-सहा तारीख होती. बॅगा भरून झाल्या होत्या. आई दडपे पोहे करत होती. मी काही बोलले नाही.

१९ ऑगस्टला मी टीमबरोबर सरावाला सुरुवात केली. निर्णय आलेला नसला तरी ४५ दिवस सराव करता येतो, मॅच खेळता येत नाही. ४५ दिवस मोजा, शेवटचा दिवस येतो २ ऑक्टोबर. म्हणून मला तारीख पक्की आठवते, गांधी जयंती. ३ तारखेला सकाळी सहाला टीम कोर्टवर गेली आणि मी गेले नाही. गेले तर नियम मोडला असता. कोचने नजर चुकवत सांगितलं, "आता काही दिवस तुला मी काही शिकवू शकत नाही." रूममेट टीममधलीच. ती मोजे घालताना जितका आवाज कमी करता येईल तितका करायची.

मी गावातल्या सार्वजनिक कोर्टवर जाऊ लागले. तिथे जाळीऐवजी लोखंडी चेन लावलेली होती. सर्व्हिस चेनला लागली की खळ्ळ असा आवाज यायचा, आणि शेजारी कुत्रं फिरवणारे आजोबा दर वेळी मान वळवून बघायचे. अकरा दिवस मी त्या चेनशी खेळले.

१४ ऑक्टोबरला निर्णय आला. मजा अशी की मी हौशी आहे हे मान्य होतं. शब्द होते 'सर्टिफाइड विथ कंडिशन्स'. अटी दोन: एक सीझन कमी आणि एक वर्ष न खेळता. सराव मात्र करता येईल. कारण म्हणून १३ जानेवारीची तारीख. पुरावा म्हणून क्लबचं पत्र.

नियमाप्रमाणे निकाल बरोबर होता. हे मी मनापासून म्हणतेय. ज्या कुणी तो लिहिला, त्याच्यापुढे एक व्याख्या होती आणि एक पत्र होतं, आणि पत्र ओरडून सांगत होतं की होय, आम्ही संघटित आहोत. त्याला काकांचा गुडघापट्टा कुठून दिसणार?

त्या आठवड्यात मी जुनी प्रकरणं वाचत बसले. पोट दुखायला लागलं की माणूस गूगलवर रोग शोधतो, तसं. पहिलं नाव मिळालं स्टीव्हन ऱ्होड्सचं. अमेरिकन मरीन, पाच वर्षं नोकरी करून २०१३मध्ये मिडल टेनेसी स्टेटला फुटबॉल खेळायला आला. त्यालाही आधी नाही म्हणाले, कारण नोकरीत असताना लष्करी तळावरच्या करमणुकीच्या लीगमध्ये तो खेळला होता. तिथेही वेळापत्रक, तिथेही स्कोअर, तिथेही गणवेश. मी वाचताना अक्षरशः उठून उभी राहिले. हा तर माझा भाऊ! पण पुढे काय झालं? ऑगस्टमध्ये बातमी पेपरात आली, देशभर आरडाओरडा झाला, देशासाठी लढलेल्या सैनिकाला खेळू देत नाहीत म्हणजे काय! एक-दोन दिवसांत निर्णय फिरला, चारही सीझन परत मिळाले. व्याख्या तीच राहिली, लीग तीच राहिली. फक्त बातमी झाली. माझ्यासाठी कोण ओरडणार होतं? क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप?

दुसरा जेरेमी ब्लूम. २००२चा ऑलिंपिक स्कीअर आणि कोलोरॅडोचा फुटबॉलपटू. स्कीइंगसाठी प्रायोजक घेतले म्हणून फुटबॉल बंद. स्कीइंग प्रायोजकांशिवाय करता येत नाही आणि फुटबॉलशी त्या पैशांचा संबंध नाही, हे त्याचं म्हणणं. तो कोर्टात गेला आणि २००४मध्ये हरला. उलट बाजूला कॅम न्यूटन. त्याच्या वडिलांनी एका विद्यापीठाकडे मुलासाठी पैसे मागितले होते हे संघटनेने मान्य केलं, पण मुलाला ते माहीत नव्हतं असं धरून २०१०मध्ये त्याला एका दिवसात परत पात्र ठरवलं. त्या आठवड्याच्या शेवटी त्याची चॅम्पियनशिपची मॅच होती. त्याला खेळू दिलं ते चूक असं मी म्हणत नाही. बापाच्या उद्योगाची शिक्षा मुलाला का, हे बरोबरच आहे. मला फक्त तो एक दिवस दिसत होता. माझ्या वडिलांनी तर फक्त छत्रीची किंमत विचारली होती.

आणि जिम थॉर्प, ज्याच्यापासून हे सगळं सुरू होतं. १९१२च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं. पुढच्या वर्षी ती काढून घेतली, कारण त्याआधी सुट्टीत तो थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. तसं खेळणारी कॉलेजची मुलं पुष्कळ होती, ती खोटी नावं लावायची. थॉर्पने स्वतःचं नाव लावलं होतं. पदकं परत करायला १९८२-८३ उजाडलं, तो जाऊन तीस वर्षं होत आली होती, आणि तो एकटाच विजेता असं म्हणायला २०२२. हे वाचल्यावर मला तो रकाना आठवला, ज्यात मी हौसेने 'मिक्स्ड डबल्स' लिहिलं होतं. नसतं लिहिलं तर? कुणालाही कळलं नसतं. क्लबच्या फेसबुक पानावरच्या फोटोत माझं अर्धं डोकं आहे फक्त.

आता त्या दोन अटी माफ करून घेण्यासाठी अर्ज करायचा होता. आणि इथे मला या सगळ्या व्यवस्थेतली जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकते ती कळली. अर्ज मी करू शकत नव्हते. तो कॉलेजने करायचा असतो. तथ्यं कॉलेजने मांडायची, सवलत कॉलेजने मागायची, नकार आला तर पुढच्या समितीकडे कॉलेजनेच जायचं. सीझन माझा, वर्ष माझं, पण कागदावर मी फक्त 'विद्यार्थिनी' म्हणून तिसऱ्या पुरुषात. मी फार तर एक पान निवेदन जोडू शकत होते.

माझं नशीब की कम्प्लायन्सची ती बाई. दिवाळीच्या आठवड्यात तिने मला ऑफिसमध्ये बसवून घेतलं आणि म्हणाली, "मला ती सकाळ सांग. आठपासून." मी सांगत गेले. ती मध्येच थांबवायची. वडापाव म्हणजे काय? पंच कोण होतं? स्कोअर कोण मोजत होतं? मी म्हटलं, आम्हीच, आणि दोनदा काकांनी चुकीचा मोजला. ती हसली आणि ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "त्या सेक्रेटरींचं पत्र फार छान आहे. आपल्याला दुसरं हवंय."

दुसरं पत्र मिळवणं हे बाबांच्या आयुष्यातलं सर्वात अवघड काम होतं. सेक्रेटरींना पटेना. "म्हणजे आपली लीग साधी आहे असं मी लिहून देऊ? लेटरहेडवर?" बाबा तीन संध्याकाळ त्यांच्याकडे जाऊन बसले. शेवटी पत्र आलं: खेळणारे सभासद आणि त्यांचे कुटुंबीय, वय १६ ते ७१, पंच नाहीत, बक्षिसाची रक्कम नाही, विजेत्या टीमला प्रत्येकी एक स्टीलचा डबा. माझं नाव लिलावात नव्हतं आणि ऐन वेळी आजारी सभासदाच्या जागी बोलावलं, हेही. सोबत मनगटाचे डॉक्टरचे कागद, म्हणजे त्या काळात मी खऱ्या स्पर्धा खेळत नव्हते याचा पुरावा. आणि फोटो. काकांना मी रात्री फोन केला, तिकडे सकाळ. "काका, तुमचं वय लिहू का?" काका जरा थांबले. "लिही ५८. पण खाली लिही, फिटनेस पंचविशीचा." तेवढं मी गाळलं.

डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा चालू असताना उत्तर आलं. बसण्याचं वर्ष माफ, सीझन शाबूत. त्याऐवजी जानेवारीपासूनच्या पहिल्या सहा लढतींना बाहेर. मी लायब्ररीच्या जिन्यात बसून रडले आणि मग स्टॅटिस्टिक्सचा पेपर वाईट दिला.

याच सुमारास आमच्याच सर्किटमधला एक मुलगा दुसऱ्या राज्यातल्या एका लहान कॉलेजात होता. आम्ही दहाव्या वर्षापासून एकमेकांना ओळखतो. त्याचेही सहा महिने उलटलेले, आणि त्यानंतरच्या दोन मॅच, क्लब विरुद्ध क्लब. पैसा नाही, रँकिंग नाही. त्याच्या कॉलेजच्या कम्प्लायन्समध्ये एकच माणूस, सगळ्या खेळांचं तोच बघणार. तो म्हणाला, "नियम असा आहे, मी काय करू?" अर्जच गेला नाही. तो वर्षभर बसला आणि त्याचा सीझनही गेला. मी त्याला माझे सगळे कागद पाठवले होते. त्याने ते त्या माणसाला दिले, आणि त्या माणसाने 'थँक्स' असं उत्तर पाठवलं.

आम्हा दोघांत फरक काय होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या मॅचेस माझ्यापेक्षा एकने जास्त, हा एक. दुसरा, माझ्या बाईला गोष्ट लिहिता येत होती. मला तरी दुसराच मोठा वाटतो.

आता तर पैशाचं चित्रच पालटलंय. जुलै २०२१पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घेऊ शकतात, आणि २०२५पासून कॉलेजं त्यांना थेट वाटा देऊ लागली आहेत. आमच्यासारख्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना त्यातलं फार काही घेता येत नाही. व्हिसा काम करू देत नाही, तो भाग निराळा. बक्षिसांचं भांडण मात्र चालूच राहिलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या रीस ब्रँटमायरला २०२१च्या यूएस ओपनमध्ये जवळपास ४९ हजार डॉलर मिळाले होते आणि हौशी राहण्यासाठी त्यातला बराचसा भाग सोडावा लागला. मार्च २०२४मध्ये ती कोर्टात गेली. ही बातमी मी बाबांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे पावत्या ठेवायलाच हव्या होत्या." फाइल अजून माळ्यावर आहे.

तर त्या सहा लढती मी टीमच्या बाकावर बसून पाहिल्या. टॉवेल दिले, पाणी दिलं, घसा बसेपर्यंत ओरडले. फेब्रुवारीच्या मध्यावर पहिल्यांदा नाव पुकारलं गेलं. टीमच्या एकेरीत सहाव्या नंबरवर खेळले, तीन सेटमध्ये जिंकले. मग आणखी चार लढती. पाचव्या लढतीनंतर बसमधून परत येताना सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. १२ मार्च २०२०. सीझन रद्द.

टीममधल्या मुली घरी गेल्या. आपल्याकडे विमानं बंद झाली आणि मी होस्टेलवर राहिले, अख्ख्या मजल्यावर आम्ही चौघी परदेशी. ३० मार्चला डिव्हिजन वनच्या कौन्सिलने मतदान केलं. वसंत ऋतूतल्या सगळ्या खेळांच्या सगळ्या खेळाडूंना, कॉलेजची हरकत नसेल तर, एक सीझन परत. आम्ही खेळलेल्या मॅचेस जणू खेळल्याच नव्हतो. कुणी नऊ प्रश्न विचारले नाहीत, निवेदन मागितलं नाही. कम्प्लायन्सच्या बाईचा दोन ओळींचा मेल आला, तुला काही करायचं नाहीये.

त्या रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला. काका त्याच सोसायटीत राहतात. ते खाली अंगणात, आई-बाबा गॅलरीत, आणि मी बाबांच्या हातातल्या फोनमध्ये. बाबांनी वरून ओरडून त्यांना सगळं सांगितलं, की सीझन पुसला, सगळ्यांना परत मिळणार. काकांनी मास्क खाली घेतला.

"मग आपला तो चार-सहा पण पुसला का?"

"नाही काका," मी म्हटलं, "तो रेकॉर्डवर आहे."